राखणदाराची बाग

आमच्या ह्यांनी एखाद्या गोष्टीला पहिल्या दमात होकार दिला, असं सव्वीस वर्षांच्या संसारात दोनदाच झालं. एकदा लेकीच्या लग्नाला आणि एकदा माझ्या पाखरांच्या बागेला. लग्नाच्या वेळी मला आनंद झाला. बागेच्या वेळी मनात पाल चुकचुकली होती, पण मी तिकडं कानाडोळा केला, कारण गरज माझी होती.

नळदुर्गहून उमरग्याकडं जाताना हायवे सोडून आत वळलं की दोन किलोमीटरवर आमची द्राक्षबाग आहे. पाच वर्षांपूर्वी आम्ही गावातून उठून बागेच्या कडेला नवीन घर बांधलं. त्याच वर्षी दीपालीचं लग्न होऊन ती उमरग्याला गेली आणि घरात नवरा-बायको दोघंच उरलो. उमाशंकर मुळात कमी बोलणारा माणूस. बोलले तरी घड, मणी आणि औषध यांच्या पलीकडं गाडी जात नाही. मी माणसांत वाढलेली, बडबडी. सकाळी उठून कान लावावा तर फवारणीच्या ब्लोअरची घरघर, आणि ती थांबली की काहीच नाही. गावात निदान चिमण्या होत्या. इथं एवढं हिरवंगार आणि पाखराचा आवाज नाही. त्या शांततेचा मला राग यायचा, अगदी खरोखरचा राग.

म्हणून हायवेवरच्या नर्सरीतून झाडं आणली. लाल-पिवळ्या पानांची क्रोटॉन, दोन पाम, कुंपणाला कसलीशी विलायती वेल. वर्षभर पाणी घातलं. बाग फोटोसारखी दिसायला लागली आणि फोटोसारखीच मुकी राहिली. फुलपाखरूसुद्धा वरून बघून पुढं जायचं.

एक दिवस बलभीममामा ठिबकची नळी बघायला आले आणि क्रोटॉनपाशी थांबले. मामांचं वय अडुसष्ट. आमच्या शिवारात जिकडंतिकडं ज्वारी होती तेव्हा ते पाखरं राखायचे. पहाटेपासून माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची, घसा फुटेस्तोवर ओरडायचं आणि कणसावर पाखरू टिकू द्यायचं नाही, हे त्यांनी चाळीस वर्षं केलं. मग सोयाबीन आलं, द्राक्षं आली, राखणीचं काम गेलं आणि मामा आमच्याकडं ठिबक सांभाळायला लागले. त्यांनी क्रोटॉनचं एक पान उलटं करून पाहिलं.

"अक्का, ह्येला साधी अळी बी लागंना," ते म्हणाले. "पाखरू कशाला येतंय?"

अळी लागू नये म्हणून तर लोक जिवाचं रान करतात, असं मी म्हटलं. मामा हसले. दाण्यावर जगणारं पाखरूसुद्धा पिल्लाला अळीच भरवतं, हे मला त्या दिवशी कळलं. आणि जे झाड आपल्याकडच्या किड्याला ओळखू येत नाही, त्याच्याकडं आपलं पाखरू ढुंकून बघत नाही. पन्नाशी ओलांडलेली मी बाई, शेतकऱ्याची लेक, शेतकऱ्याची बायको, आणि एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

पाखरू कुठं लपतं, काय खातं, काय दिसेनासं झालं की मुलूख सोडून जातं, हे मामांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण जन्मभर त्यांनी नेमकं तेच तोडलं होतं. राखणीत अर्धं काम गोफणीचं आणि अर्धं कोयत्याचं. ज्या झुडपात पाखरू निजतं ते बांधावर ठेवायचं नाही. आता मी त्यांना म्हटलं, मामा, जे जे तोडलंत ते ते लावा. कुलूप कुठलं घ्यावं हे चोरालाच विचारावं तसा तो प्रकार होता. मामांनी बांधावरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, लावू की.

जागा मी स्वयंपाकघराच्या मागं मागितली होती. उमाशंकर म्हणाले, तिकडं नको, विहिरीच्या वरच्या अंगाला कर. म्हणजे द्राक्षबागेला लागून, चार गुंठे, भारी काळी जमीन. मी चाटच पडले. पाखरांचा द्राक्षांना त्रास होणार नाही का, असं मीच विचारलं.

"येऊ दे की," ते म्हणाले. "एका जागी असली म्हंजे कळतंय तरी."

मी त्याचा अर्थ माझ्या सोयीचा लावला.

नर्सरीत यातलं एकही झाड मिळालं नाही. बोर-बाभूळ विकत मागणारी बाई बघून तिथली पोरं तोंड फिरवून हसली. मग पावसाळ्यात मी आणि मामांनी माळावरून, ओढ्याकाठून रोपं मातीच्या गड्ड्यासकट काढून आणली. बाहेरच्या बाजूला बोर आणि चिलार, कारण तसल्या काट्यात मांजर शिरत नाही. आत करवंद, बुलबुलाच्या घरट्यासाठी. पांगाऱ्याच्या नुसत्या फांद्या खोचल्या. फुलं आली की त्यातल्या रसासाठी साळुंक्या भांडतात. फळासाठी गोंदणी. रुई कुणी मुद्दाम लावत नाही, पण मामांनी लावली, कारण तिच्या बोंडातला कापूस इवलासा सूर्यपक्षी घरट्यात अंथरतो. मधल्या मोकळ्या जागेत पवन्या गवत आणि मूठभर राळा, दाणे टिपणाऱ्या मुनियांसाठी. घाणेरी मात्र त्यांनी लावू दिली नाही. तिची फळं पाखरं खातात, पण ती शेजारच्या सगळ्यांना गिळून टाकते म्हणाले. मला वाईट वाटलं, तिची फुलं मला आवडतात.

पहिल्या वर्षी नुसते काटे. दुसऱ्या वर्षी शिंपी पक्षी आला, सातभाई आले आणि माझी क्रोटॉन उकरून गेले. तिसऱ्या वर्षी बागेनं अंग धरलं आणि मग मात्र विचारू नका. बुलबुल, साळुंक्या, चष्मेवाले, मुनियांचे थवे, होले. आणि एक दयाळ. काळा-पांढरा, शेपटी उभी करून पांगाऱ्याच्या शेंड्यावर बसायचा आणि उजाडायच्या आधी सुरू व्हायचा. त्याचं गाणं ऐकून मी एकदा चुलीपुढं बसून रडले. दुःखानं नाही. घरात कुणीतरी बोलतंय असं वाटलं म्हणून.

मामांची एक जुनी सवय होती. राखणदारानं दिवस मावळला की मालकाला जाऊन सांगायचं: आज कुठलं पाखरू आलं, कुठून आलं, पाणी कुठं प्यालं, निजायला कुठं गेलं. मालक दुसऱ्या दिवशी त्या झाडावर माणूस लावायचा. चाळीस वर्षांची ती सवय मामांच्या अंगातून गेली नव्हती. रोज संध्याकाळी पायरीवर बसून ते उमाशंकरना सगळं सांगायचे. उमाशंकर फोन बाजूला ठेवून ऐकायचे. मी आतून ते बघायचे आणि मला भरून यायचं, की चला, ह्या माणसालाही पाखरांचा लळा लागला.

गेल्या वर्षी साळुंक्यांनी आणि बुलबुलांनी द्राक्षाचे घड टोचले. बाहेरगावचा व्यापारी कडेच्या ओळी बघून गेला आणि परत आलाच नाही. उमाशंकर मला एका शब्दानं बोलले नाहीत. तेव्हा त्यांनी आदळआपट केली असती तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

यंदाच्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, दीपाली आणि जावई आले होते. ज्वारीच्या तुकड्यात कडब्याची कोप केली, पूजा झाली, भज्जी-आंबिलाची पंगत बसली. जावई बागेचं कौतुक करत होते. तेवढ्यात उमाशंकरनी मामांना विचारलं, एवढी पाखरं पाणी पितात कुठं, विहिरीवर का?

"न्हाय मालक, अक्काच्या परळात," मामा म्हणाले. "आता दुसरीकडं जातच न्हाईत. उठल्यावर येकदा आन् निजायच्या आदी येकदा, झाडून सगळी."

मामा हे अभिमानानं सांगत होते. मीही पदर सावरून हसले. उमाशंकरनी मान हलवली आणि आणखी आंबिल मागितलं.

परळ म्हणजे मातीची पसरट भांडी, तीन होती, करवंदाच्या सावलीत ठेवलेली. मी विहिरीवरून बादली आणून ती भरायचे. येळवशीनंतर आठवड्याभरात उमाशंकरनी झाकणाचा एक निळा ड्रम आणून परळांच्या शेजारी ठेवला. तुझी कंबर दुखते, बादल्या कशाला उचलतेस, ड्रम मी भरत जाईन, तू मग्यानं घे, असं म्हणाले. माझ्या कंबरेचा एवढा विचार त्यांनी दीपालीच्या वेळच्या माझ्या बाळंतपणातही केला नव्हता. मी दीपालीला फोन करून ही बातमी सांगितली. ती म्हणाली, बाबा म्हातारे झाले.

द्राक्षाच्या मण्यांत पाणी उतरायला लागलं त्या सुमारास पहिली मुनिया मेलेली सापडली. एखादं पाखरू मरतंच, म्हणून मी तिला मातीआड केलं. मग पांगाऱ्याखाली दोन साळुंक्या, शेजारी-शेजारी, पाय आकसलेले. मग एक बुलबुल माझ्यासमोर फांदीवरून खाली आला, उतरल्यासारखा नाही, पडल्यासारखा. पंख फडफडवून गोल फिरला आणि थांबला.

उमाशंकर म्हणाले, रोग असेल, सगळीकडं साथ आहे म्हणतात, तू हात लावू नको. जेवलेलं ताट न उचलणारा माणूस स्वतः फावडं घेऊन आला आणि पाखरं पुरून गेला. साथ पाण्यातून पसरते असं मी कुठंतरी वाचलं होतं. म्हणून मी परळ राखेनं लखलखीत घासायला लागले आणि दिवसातून एकदा भरायचे ते दोनदा ताजं पाणी भरायला लागले. सकाळी एकदा आणि पाखरं निजायला यायच्या आधी एकदा. जास्तच मरायला लागली. मी आणखी घासायला लागले.

त्या दिवसांत माझंही डोकं जड असायचं. डोळे चुरचुरायचे, अक्षरं फिकी दिसायची. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं.

पौष अर्धा सरल्यापासून दयाळ परत गायला लागला होता. एका सकाळी तो गायला नाही. मी आधी म्हटलं उशीर असेल. ऊन वर आलं तरी पांगाऱ्याचा शेंडा रिकामाच. मी मामांना हाक मारली आणि आम्ही दोघं बागेत शिरलो. तो करवंदाच्या मुळाशी होता, पंख अर्धवट उघडे, चोच मातीत. मी उचलायला वाकले तर मामांनी हात आडवा घातला. ते उकिडवे बसले आणि जमिनीवर वाकून बघायला लागले.

"अक्का, मुंग्या बघा."

दयाळाच्या भोवती मुंग्या होत्या. खायला आलेल्या. सगळ्या मेलेल्या.

मामांनी विचारलं, परळात पाणी कुठलं घालताव? मी म्हटलं, ह्या ड्रममधलं, दुसरं कुठलं. मामांनी ड्रमकडं पाहिलं आणि होते तिथंच खाली बसले. त्यांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता.

"मालक मला म्हनले व्हते," ते हळू आवाजात म्हणाले. "ड्रमातलं पानी तोंडात घालू नगा. म्या म्हनलं शेवाळ धरलं असंल."

कधी म्हणाले होते, असं मी विचारलं. ड्रम आणला त्याच दिवशी, मामा म्हणाले.

मी मोजलं नाही, पण बाविसेक दिवस झाले असतील. बावीस दिवस मी त्या पाण्यात मगा बुडवला होता. माझ्या हातानं, दिवसातून एकदा, मग दोनदा. मरणारी वाचावीत म्हणून दोनदा. दुपारी ऊन लागलं की त्याच पाण्याचा हबका मी तोंडावर मारला होता, एकदा नाही, कितीतरी वेळा. ते सगळं आठवलं आणि माझे हात मला माझे वाटेनात. मी ते साडीला पुसत राहिले.

मामा म्हणाले, म्याच सांगितलं त्यास्नी, कुठं पितेत आन् कुठं निजतेत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. तुमची चूक नाही असं म्हणायला मला तोंड नव्हतं. ती त्यांची होती, माझी होती, आणि जाणूनबुजून एकाचीच होती.

मी ड्रम लाथेनं आडवा करायला निघाले. मामांनी अडवलं. ते पाणी इथं सांडलं तर करवंद, गवत, गवतातली अळी, सगळंच जाईल. त्यांनी ड्रमचं झाकण घट्ट लावलं, वरून तारेनं आवळलं आणि ड्रम फरफटत बागेबाहेर नेला. परळ मी धुवायला घेतले तर म्हणाले, मातीचं भांडं पाणी पितं, धुऊन निघायचं नाही. मग ते फोडून खड्ड्यात पुरले. मी घरातून कणीक मळायची परात आणली आणि विहिरीवरून शेंदलेलं पाणी तिच्यात ओतलं. एक होला येऊन काठावर बसला. तो प्यायला तोवर आम्ही दोघंही श्वास रोखून उभे होतो.

दुपारी उमाशंकर जेवायला आले. मी ताट वाढलं, भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. ते बसले आणि ड्रमात औषध टाकलंत का, असं मी सरळ विचारलं. त्यांनी नाकबूल केलं नाही. भाकरी मोडता मोडता सांगितलं, आवाजही चढवला नाही. सगळी मारायची नव्हती. द्राक्षं उतरेपर्यंत कमी व्हावीत एवढंच. जाळीवरून टोचतात, फटाक्यांना भीत नाहीत. शिवारभर पसरलेली कुठं शोधणार? तुझ्या बागेनं ती एका जागी आणली.

मामांना सांगितलंत, मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

"तुला सांगितलं असतं तर तू परळ भरले असतेस का?"

मला वाटलं होतं मी ओरडेन, ताट भिरकावीन. मी मात्र मनात वर्षं मोजत होते. ह्या माणसानं तीन वर्षं थांबून बाग वाढू दिली. तीन वर्षं पायरीवर बसून ऐकून घेतलं. मग माझ्या कंबरेची काळजी केली. तू ते पाणी पीत नाहीस हे बघूनच ठेवलं होतं, तुझं पाणी फिल्टरचं असतं, ते म्हणाले. म्हणजे मी काय पिते यावरही लक्ष होतं.

मी म्हटलं, मी त्या पाण्यानं तोंड धुतलंय.

त्यांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. "किती येळा?"

भीती नव्हती आवाजात. पंपात औषध किती टाकलंस असं गड्याला विचारतात, तसं विचारलं. माझ्यावर जीव आहे की नाही हा प्रश्न मला सव्वीस वर्षांत कधी पडला नव्हता. त्या दिवशी पडला आणि त्याच क्षणी त्याचं उत्तरही मिळालं.

ते पुन्हा जेवायला लागले. चटणीचा कोरडा घास घशात अडकला आणि त्यांना ठसका लागला. चांगलाच लागला, चेहरा लाल झाला, डोळे पाण्यानं भरले. सवयीनं मी उठले, ओट्यावरच्या फिल्टरचं पाणी पेल्यात भरलं आणि त्यांच्यापुढं ठेवलं.

त्यांनी पेल्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. खोकला थांबत नव्हता, हात पेल्यापर्यंत गेला होता आणि तिथंच थांबला. क्षणभरानं ते उठले, खरकट्या हातानंच दाराबाहेर गेले आणि मोटार चालू करून पाइपला तोंड लावलं. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती. पाठीमागून इतका म्हातारा माणूस मी त्या घरात आधी पाहिला नव्हता.

मी त्यांच्या ताटासमोर बसले आणि तो पेला सगळा प्याले. नेहमीचंच पाणी होतं.

त्याला आता महिना झाला. द्राक्षं उतरली. मामा रोज परातीत पाणी भरतात, पण संध्याकाळी पायरीवर येत नाहीत. वाचलेल्या बुलबुलांची एक जोडी करवंदात काड्या नेत आहे. पांगाऱ्यावर दुसरा दयाळ आलेला नाही. मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जाऊन आले, त्यांनी काही दिवस वाट बघायला सांगितलंय.

उमाशंकर स्वतःचं पाणी स्वतः भरतात. चहा मी केला तर मी पहिला घोट घेईपर्यंत ते कप उचलत नाहीत. कधी कधी मी मुद्दाम उशीर लावते. घाबरू नका, असं मी त्यांना अजून म्हटलेलं नाही.